पेशीच्या आतील पहारेकरी

विषमज्वराचे जंतू दूषित पाण्यातून व अन्नातून शरीरात जातात. जबलपूरच्या राइट टाउनमधील बंगला असो की मुंबईतील चाळ, वाट तीच. आतड्याची भिंत ओलांडल्यावर, ज्या भक्षक पेशींनी त्यांना गिळून मारावयाचे, त्यांच्याच पोटात ते बिऱ्हाड थाटतात. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली बालकांना विषमज्वराची लस टोचण्याची मोहीम हाती घेतली. त्या लसीने निर्माण होणारी प्रतिपिंडे जंतूला पेशीबाहेरच गाठतात. पण आत शिरलेल्याला ओळखावयाचे कोणी?

हे काम पेशीद्रवातील काही प्रथिने करतात. त्यांना ग्राहक म्हणतात. त्यांचे कार्य उलगडले ते मुख्यतः या जंतूच्या, उंदरांना पीडणाऱ्या भाऊबंदावरील प्रयोगांतून. पेशीत घुसताना हा जंतू तिच्या आवरणात सुईसारखी नळी खुपसून आपली प्रथिने आत सोडतो. त्यांबरोबर त्या नळीचे सुटे घटक आणि पोहण्याच्या शेपटीचे, म्हणजे कशाभिकेचे, प्रथिनही थोडेसे आत झिरपते. चोराने घर फोडावे आणि पहार तेथेच विसरावी, तसा हा प्रकार. हे घटक 'नेप' कुळातील ग्राहक ओळखतात, असे २०११ साली बर्कलीचे रसेल व्हान्स आणि बीजिंगचे फेंग शाओ यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखविले. उंदरात प्रत्येक घटकासाठी वेगळा ग्राहक असतो. मानवाच्या वाट्याला मात्र या कुळातील एकच जनुक आले आहे.

ग्राहकाची निवड मोठी मार्मिक आहे. कशाभिकेच्या प्रथिनाचा बाहेर दिसणारा भाग जंतू सहज बदलू शकतो. ग्राहक ओळखतो तो भाग जुळणी झालेल्या कशाभिकेच्या गाभ्यात दडलेला असतो. तो बदलला तर कशाभिकाच नीट जुळत नाही, आणि जंतूचे पोहणे खुंटते.

एक रेणू ओळखला गेला तरी पुरे. जागा झालेला ग्राहक शेजारच्या एका सहकारी प्रथिनाला जागे करतो, ते पुढच्याला, आणि सुमारे दहा-बारा प्रथिनांचे चक्र तयार होते. या चक्रावर एक विकर कार्यप्रवृत्त होऊन 'गॅसडर्मिन' या प्रथिनाचे तुकडे करते. त्यांतील एक तुकडा पेशीच्या आवरणास छिद्रे पाडतो. पेशी फुटते, दाहाचे संदेश बाहेर पडतात व आश्रय गमावलेला जंतू इतर रक्षकपेशींच्या तावडीत सापडतो. एक पेशी गमावून ऊती वाचविण्याचा हा सौदा आहे.

जंतूही स्वस्थ बसत नाही. पेशीच्या आत स्थिरावताच तो कशाभिकेचे प्रथिन बनविणे आवरते घेतो आणि दुसरी सुई वापरू लागतो. या सुईच्या दांड्याचे प्रथिन उंदराच्या ग्राहकाला ओळखता येत नाही.