मार्केट यार्डातला पाला आणि पावसाचं पाणी

पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे फ्लॉवर-कोबीच्या गाड्या रिकाम्या होतात आणि गाळ्यांसमोर पाला साचतो. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. असा ओला माल जाळणं परवडत नाही; त्याची खरी जागा बायोगॅसच्या बंद टाकीत.

तिथे हवेविना जगणारे सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन बनवतात, उरलेली मळी शेताला खत होते. पण भाजी-फळं झटकन आंबतात. टाकीत आम्ल वाढलं की मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मंदावतात. म्हणून पाला बारीक करून, शेण मिसळून, बेताबेताने घालायचा. आणि जुडीची सुतळी आधी काढायची, नाहीतर ती ढवळणीच्या पात्यांना गुंडाळते!

पुण्याला हे शास्त्र नवं नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस संच विकसित केला. त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला.

पावसाळ्यात हाच पाला पाण्याची वाट अडवतो. एक हेक्टर काँक्रीटवर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे दोन लाख लिटर पाणी वाहू लागतं. चेंबरच्या जाळीवर पानं बसली की ते थेट मालाच्या पोत्यांपर्यंत येतं.

छपरांचं पाणी वेगळ्या पाइपने टाकीत घेतलं, तर गाळे धुवायला कामी येतं. जमिनीवरचं पाणी मात्र जाळी आणि गाळटाकीतूनच पुढे सोडावं. कुजक्या पाल्याचं पाणी शोषखड्ड्यात गेलं, तर भूजल बिघडतं.