मुलाखतीत ‘सोनोग्राफीचे प्रकार’ विचारले तर

‘ए, बी, एम आणि डॉप्लर’ असं घडाघडा म्हणून मोकळं होऊ नका. कुठला कशासाठी, हे लगेच विचारलं जातं. ए-मोड आता मुख्यतः नेत्ररुग्णालयात दिसतो, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी मोजायला. पोटाची नेहमीची करडी प्रतिमा म्हणजे बी-मोड. एम-मोड एकाच रेषेवरची हालचाल काळानुसार मांडतो. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाचे ठोके त्यावरच मोजावेत, कारण स्पंद-डॉप्लरमध्ये ऊर्जा जास्त जाते.

खरी फजिती कलर डॉप्लरवर होते. लाल म्हणजे रोहिणी, निळा म्हणजे नीला, हे उत्तर साफ चुकीचं. नेहमीच्या मांडणीत लाल रंग प्रोबकडे येणारा प्रवाह दाखवतो आणि निळा दूर जाणारा. एक बटण दाबलं की रंग उलटतात. किरण रक्तवाहिनीला काटकोनात पडला, तर वाहतं रक्तही जवळपास दिसेनासं होतं. म्हणून वेग मोजताना कोन ६० अंशांपर्यंतच ठेवतात. पॉवर डॉप्लर मंद प्रवाह छान टिपतो, पण दिशा सांगत नाही.

प्रोबचा प्रश्न ठरलेलाच: पोटासाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा वक्र, थायरॉईडसाठी ७ च्या वरचा सरळ. वारंवारता वाढली की बारकावे वाढतात, खोली घटते.

आणि कायदा? १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखालचा ‘फॉर्म एफ’ तोंडपाठ हवा. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्येच, देशाच्या आधी, कायदा केला होता.