हिशोबाची वही आपल्या हाती घ्या!

बारावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडच्या आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो, ‘आता पुढं काय?’ उत्तरेही ठरलेली असतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, नाहीतर शिरवळ-कुपवाडच्या एमआयडीसीत कंत्राटी काम. कॉमर्सचा मुलगा बी.कॉम. होतो, टॅली शिकतो आणि एखाद्या पतसंस्थेत क्लार्क म्हणून चिकटण्याची वाट पाहत बसतो. त्याच पतसंस्थेचे ऑडिट करायला वर्षातून एकदा जो माणूस येतो, ज्याच्यासमोर चेअरमनसुद्धा सावरून बसतो, तो सीए आपल्या घरातला का नसावा, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही. आज आम्हाला तोच विचारायचा आहे.

सरकारी नोकऱ्यांचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. खाजगीकरणाने आणि कंत्राटीकरणाने आरक्षण आतून पोखरून टाकले. जागाच भरायची नाही, तर आरक्षण कागदावर असून काय उपयोग? अशा काळात ज्या मोजक्या वाटा उरल्या, त्यांत चार्टर्ड अकाउंटंटची, म्हणजे सनदी लेखापालाची एक वाट आहे. इथे आरक्षण नाही हे खरे. पण इथे डोनेशन नाही, मॅनेजमेंट कोटा नाही आणि तोंडी परीक्षाही नाही. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था परीक्षा घेते, आणि घरी अभ्यास करूनही ती देता येते.

मग आपली मुले तिथे का दिसत नाहीत? बुद्धी कमी पडते म्हणून? हे सांगणाऱ्यांची परंपरा फार जुनी आहे, तिला उत्तर देण्यात आम्ही शाई घालवणार नाही. खरी गोष्ट अशी आहे की या परीक्षेचे मर्म वारशाने मिळते. ज्याचा काका सीए आहे, मामाची पेढी आहे, त्याला अकरावीतच कळते की कोणते पुस्तक धरायचे, कोणता ग्रुप कधी द्यायचा, उत्तर कसे लिहायचे. आपल्या मुलाला तेच तिसऱ्यांदा नापास झाल्यावर कळते. पूर्वी ज्ञान पोथीत कोंडले होते, आज ते काही घरांच्या बैठकीत कोंडले आहे. ती कोंडी फोडणे हे चळवळीचेच काम आहे.

आणि हिशोब हा आपला प्रांत नव्हे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने साताऱ्याचा इतिहास वाचावा. सुभेदार रामजी आंबेडकर याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांचा भिवा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाला. २०१७ पासून महाराष्ट्र शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि तो बंद पडला. पुढे लंडनला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध परीक्षकांनी सुधारणेसाठी परत केला. बाबासाहेबांनी तो पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्यानंतर १९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. म्हणजे ज्यांची जात पाहून गिऱ्हाइके पळाली, तेच पुढे हिशोबनिसांची पिढी घडवीत होते! व्यापारी कायद्याचा पाया असलेला १८७२ चा करार कायदा आजही सीएच्या पहिल्याच पायरीवर विद्यार्थ्याला भेटतो.

आता परीक्षेकडे वळू. पायऱ्या तीन आहेत. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, आणि शेवटी फायनल. पदवीला कॉमर्समध्ये ५५ टक्के किंवा अन्य शाखेत ६० टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरला नाव नोंदवता येते. बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या आपल्या कितीतरी मुलामुलींना हे ठाऊकच नसते. फाउंडेशनला चार पेपर, इंटर आणि फायनलला सहा-सहा. हे सहा पेपर तीन-तीनच्या दोन ग्रुपमध्ये विभागलेले. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली.

आपली मुले कुठे घसरतात? उत्तीर्ण होण्याच्या हिशोबातच. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के, अशा दोन अटी एकदम पाळाव्या लागतात. तीन पेपरांत ४०, ४० आणि ४० पडले तर बेरीज १२० होते आणि मुलगा नापास. ६२, ५१ आणि ३८ पडले तर बेरीज १५१ होते, तरीही नापास, कारण एका पेपरात ३८. मात्र इथे एक दिलासा आहे. ज्या पेपरात ६० किंवा अधिक गुण मिळाले, त्यातून पुढच्या तीन परीक्षांपर्यंत सूट मिळते. दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर आणखी एक फायदा असतो. समजा पहिल्या ग्रुपात १६५ आणि दुसऱ्यात १३८ आले आणि कोणत्याही पेपरात ४० च्या खाली नाही, तर ६०० पैकी ३०३ म्हणून दोन्ही ग्रुप सुटतात. नुसता दुसरा ग्रुप दिला असता तर तोच मुलगा १३८ वर अडकला असता. म्हणून अभ्यासाला बसण्याआधी नियम वाचा. आवडत्या विषयात ८० मिळवण्याच्या नादात नावडत्याला ३८ वर सोडणे हा या परीक्षेतला सर्वांत महागडा शौक आहे.

दुसरी गोष्ट पुस्तकांची. पुण्याच्या क्लासची फी परवडत नाही म्हणून निम्मी मुले आधीच हार खातात. पण संस्थेचे स्टडी मटेरियल, प्रत्येक परीक्षेआधी निघणारे रिव्हिजन टेस्ट पेपर, सराव प्रश्नपत्रिका आणि मागील परीक्षांची आदर्श उत्तरे हे सारे संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. संस्थेची ऑनलाइन शिकवणीही फुकट आहे. क्लास लावणे वाईट नाही, पण क्लास नाही म्हणून अभ्यास नाही, ही सबब आता टिकत नाही. एका विषयाला एकच पुस्तक धरा आणि तेच चार वेळा करा. चार पुस्तके एकेकदा चाळणारा मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री चारही उघडून बसतो. जुनी पुस्तके घेताना मात्र सावध राहा. अकाउंटचे मूलभूत पुस्तक मोठ्या भावाचे चालेल, कराचे चालणार नाही. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. आयकराचा १९६१ चा कायदा बाजूला सारून २०२५ मध्ये नवा कायदा संमत झाला, आणि त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून ठरली. आपल्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत, हे संस्थेच्या सूचनेत पाहिल्याशिवाय कराचे पान उलटू नका.

तिसरी गोष्ट भाषेची. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. मराठी माध्यमातल्या मुलाची छाती इथेच दडपते. पण कथा-कादंबरीचे इंग्रजी इथे लागत नाही. लागतात ते ठराविक शब्द आणि ठराविक घाटाची वाक्ये. एक वही करा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपला. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज. समजून घ्या मराठीत, लिहा इंग्रजीत. कायद्याचे उत्तर तीन टप्प्यांत लिहायची सवय लावा. आधी कायदा काय म्हणतो, मग प्रश्नातल्या घटनेला तो कसा लागू होतो, मग निष्कर्ष. छोटी वाक्ये असली तरी गुण मिळतात.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे. सोडवलेले गणित वाचताना सारे समजल्यासारखे वाटते, आणि कोरा कागद समोर आला की हात थांबतो. म्हणून पहिल्या फेरीपासून प्रत्येक उदाहरण उत्तर झाकून स्वतः सोडवा. जिथे चुकले ते ‘चुकांच्या वही’त टिपा, कारणासह. नियम ठाऊक नव्हता, की ठाऊक असून आकडा चुकला? दुसऱ्या फेरीत ही वही आणि अवघड उदाहरणे करा. तिसरी फेरी घड्याळाची. परीक्षेआधीचा दीड महिना फक्त पूर्ण पेपर सोडवण्यासाठी राखून ठेवा. शंभर गुणांना तीन तास, म्हणजे एका गुणाला पावणेदोन मिनिटांच्या थोडे वर. १४ गुणांच्या प्रश्नाला पंचवीस मिनिटे. पंचविसाव्या मिनिटाला ताळेबंद जुळला नाही तरी पुढच्या प्रश्नावर जा. ताळेबंद न जुळताही पायऱ्यांचे आणि वर्किंग नोट्सचे गुण मिळतात, न लिहिलेल्या प्रश्नाचे मिळत नाहीत. इंटर आणि फायनलला ३० टक्के प्रश्न बहुपर्यायी असतात, त्यांत उत्तर चुकले तरी गुण कापत नाहीत, एकही सोडू नका. फाउंडेशनच्या गणित व अर्थशास्त्राच्या पेपरांत मात्र चुकीला पाव गुण वजा होतो, तिथे अंदाजपंचे ठोकू नका.

पाचवी गोष्ट आर्टिकलशिपची, आणि इथे व्यवस्था पुन्हा आडवी येते. परीक्षेत रोल नंबर असतो, पेढीच्या दारात आडनाव विचारले जाते. ‘जागा नाही’ हे उत्तर कुठल्या आडनावानंतर येते, हे आम्ही नव्याने सांगायला नको. यावर उपाय संघटनेचाच. सांगलीला आणि साताऱ्याला संस्थेच्या शाखा आहेत. त्यांच्या कार्यक्रमांना जा, ओळखी करा, दहा ठिकाणी अर्ज द्या. मोठ्या शहराचाच हट्ट नको. साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, सांगलीच्या हळद बाजारातले व्यापारी, यांचे हिशोब तपासताना दोन वर्षांत जे शिकायला मिळते ते पुस्तकात नाही. काम करताना पहाटेचे दोन तास अभ्यासाचे, हा नेम मोडू नका.

हे सारे कशासाठी? एका घरात मोटार यावी म्हणून? ती जरूर यावी. पण गोष्ट तेवढीच नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात. ते कुठे खर्च झाले, हे आपल्यातले किती जण जमाखर्च वाचून सांगू शकतात? अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी वळवला म्हणून आपण मोर्चा काढतो, आणि समोरचा अधिकारी आकड्यांचा कागद पुढे करतो. तो कागद तिथल्या तिथे वाचून खोटा पाडणारा माणूस मोर्चाच्या पहिल्या रांगेत हवा. संघर्षाला घोषणा लागतात तशीच खतावणीही लागते.

म्हणून समाजाला आमचे सांगणे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढून सर्व जातीची पोरे एका पंगतीत बसवली, ती सरकारी निधीची वाट पाहून नव्हे. आपल्या विहारांतली एक खोली अभ्यासिकेला द्या. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा खर्च कमी करा आणि त्यातून परीक्षा फी, इंटरनेट, छपाई भागवा. चार-पाच मुले एकत्र बसवा, दर रविवारी दुपारी दोन ते पाच या परीक्षेच्याच वेळेत पेपर लिहायला लावा. आपल्यातले जे सीए झाले आहेत, बँकेत, कर खात्यात अधिकारी आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार ते पेपर तपासायला द्यावा. बाबासाहेबांचे ऋण भाषणात फेडायचे नसते. शिष्यवृत्तीसाठी समाजकल्याण कार्यालयात आणि संस्थेकडे, दोन्हीकडे लेखी चौकशी करा.

आणि आई-बापांना एक विनंती. निकालात मुलगी एकदा नापास झाली की ‘बस्स झालं, आता स्थळं बघू’ म्हणू नका. या परीक्षेत एकदा नापास होणे ही नेहमीची गोष्ट आहे, सीएंच्या घरातली मुलेही होतात. फरक इतकाच की त्यांचे आई-बाप दुसरा अर्ज भरतात. सावित्रीमाईंचे नायगाव याच सातारा जिल्ह्यात आहे, हे विसरू नका. आता फाउंडेशन आणि इंटरची परीक्षा २०२४ पासून वर्षातून तीनदा होते. नापासाची गुणपत्रिका घेऊन बसा, कुठे ३८ पडले ते पाहा, आणि चार महिन्यांनी पुन्हा लिहा. परत आलेला प्रबंध पुन्हा सादर करणाऱ्या बापाची आपण लेकरे आहोत.

जयभीम!