उपग्रहावर घुसलेल्या सिग्नलचा पत्ता कसा शोधतात?

27 एप्रिल 1986. अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर रात्री सिनेमा चालू असताना पडद्यावर भलताच मजकूर आला, त्यात पाठवणाऱ्याचं नाव 'कॅप्टन मिडनाइट'. साडेचार मिनिटं तो तसाच होता. फ्लोरिडातल्या एका अपलिंक केंद्रावर काम करणाऱ्या जॉन मॅकडूगलनं वाढीव दरांच्या निषेधार्थ हा उद्योग केला होता. एवढी खोडी सहसा कुणी काढत नाही म्हणा. बहुतेक व्यत्यय नकळत होतात: डिश नीट रोखलेली नसते, ध्रुवण चुकतं, नाहीतर कुणी काम संपवून ट्रान्समीटर चालूच ठेवतं.

पण उपग्रहाला याचा पत्ता नसतो. नेहमीचा ट्रान्सपाँडर खालून आलेला सिग्नल फक्त वारंवारता बदलून, मोठा करून परत पाठवतो. पाठवणारा कोण, ते तो विचारत नाही. शेजारच्या उपग्रहावर तोच सिग्नल किती फरकानं पोचला ते मोजून जागा काढता येते, पण हाती येतो तो नकाशावरचा एक लंबगोल. त्यातली नेमकी डिश कुठली?

म्हणून सिग्नलनंच आपलं नाव सांगावं, ही 'कॅरिअर आयडी'ची कल्पना. आधी हे नाव व्हिडिओच्या डेटातच घालत. पण दोन सिग्नल एकमेकांवर चढले की डेटा वाचता येत नाही. म्हणजे गरज असते नेमकं तेव्हाच नाव गायब! 2013 च्या डीव्हीबी-सीआयडी मानकानं नाव मूळ सिग्नलच्या खाली, शेकडो पटींनी कमी ताकदीत लपवलं.

इतकं क्षीण असून ते ऐकू कसं येतं? ढोल-ताशा पथकात कुणीतरी हळूच टाळ वाजवतोय असं समजा. एरवी तो ऐकू येणार नाही. पण त्याचे ठोके कुठे पडणार हे तुम्हाला आधीच माहीत असेल, तर फक्त त्या जागांवरचा आवाज बेरजेत घ्या. ढोलांचा गोंगाट कधी अधिक, कधी उणे होऊन बराचसा कटतो, टाळ साठत जातो. इथे असे 4096 ठोके एका बिटसाठी खर्ची पडतात. फायदा सुमारे 36 डेसिबल. किंमत म्हणजे वेग: सेकंदाला जेमतेम काही डझन बिट. नावापुरते ते पुरतात.

आता बसवण्याचं. मॉड्युलेटरचा 64 बिटांचा ओळख क्रमांक कारखान्यातूनच येतो. फोन नंबर आणि अक्षांश-रेखांश आपण भरायचे, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. नंबर मुख्य कार्यालयाच्या स्वागतकक्षाचा नको, रात्री दोन वाजताही ट्रान्समीटर बंद करू शकेल अशा माणसाचा हवा. बातम्यांची व्हॅन गाव बदलते, तेव्हा स्थान जीपीएसवरून आपोआप भरलं गेलेलं बरं. मॉड्युलेटर विकला किंवा बदलला की उपग्रह कंपनीकडची नोंदही बदलून घ्यायची, नाहीतर फोन जुन्या मालकाला जाईल. प्रक्षेपणाआधी कंपनीचं नियंत्रण केंद्र सिग्नल तपासतं, त्याच वेळी आयडी डिटेक्टरवर वाचला जातोय ना, हे विचारून घ्या.

मुद्दाम जॅमिंग करणारा अर्थातच नाव घालणार नाही. पण बाकीच्यांनी घातलं असेल, तर निनावी सिग्नल मोजकेच उरतात आणि लंबगोल काढायची खटपट तेवढ्यांसाठीच करावी लागते.