कातडी आसनांचे रंगकाम आणि खारेपाटाची हवा

खंडेनवमीला किंवा दसऱ्याच्या सकाळी मोटार धुवून, पुसून, तिला झेंडूची माळ घालण्याचा प्रघात आता कोकणातल्या लहानसहान गावांतही रूढ झाला आहे, आणि पावसाळाभर बंद काचांआड राहिलेल्या तिच्या अंतरंगाकडे बहुतेक मालकांचे लक्ष प्रथम जाते ते या निमित्तानेच. बाहेरचा पत्रा उजळला, तरी आतील कातडी आसनांचा मूळचा बदामी अथवा काळा रंग विटलेला, चालकाच्या आसनाची दाराकडील कड पांढुरकी पडलेली, आणि बैठकीवर बारीक भेगांचे जाळे पसरलेले असे दृश्य पाहिले, की वरून कापडी कव्हर चढवून दोष झाकावा किंवा कुशनवाल्याकडून संपूर्ण आसन रेक्झीनने मढवून घ्यावे, एवढे दोनच उपाय सर्वसाधारण माणसाला सुचतात. परंतु ज्या चामड्याचे आयुष्य अजून पुष्कळ शिल्लक आहे, केवळ ज्याचा वर्ण गेला आहे, ते उपटून टाकणे हा निव्वळ अपव्यय होय. त्याच चामड्याला घरच्या घरी पुन्हा रंग देण्याचा तिसरा मार्ग उपलब्ध आहे, आणि थोड्या चिकाटीच्या मनुष्याला तो साध्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वडखळसारख्या ठिकाणी या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग आणि अलिबागचा रस्ता जेथे विभागतात, तो वडखळचा नाका शनिवार-रविवारी मोटारींच्या रांगांनी भरून जातो, आणि भर दुपारी तिष्ठत उभ्या राहिलेल्या या गाड्यांच्या आसनांवर काचांतून येणारे ऊन तासन्‌तास पडत राहते. बाहेर पस्तीस अंश तापमान असले, तरी बंद करून ठेवलेल्या मोटारीत ते तासाभरात पन्नासच्या पुढे जाते आणि उन्हातल्या गडद चामड्याचा पृष्ठभाग त्याहूनही अधिक तापतो. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि प्रदीर्घ काळ रेंगाळले. त्या कामाची धूळ या मार्गावरून नित्य जाणाऱ्या प्रत्येक मोटारीने सोसली. त्यातच धरमतरची खाडी, तिच्या कडेची खारबंदिस्ती, पेणच्या बाजूची मिठागरे आणि वर्षाकाठी पडणारा अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस यांमुळे खारेपाटातील हवा वर्षातील निम्मा काळ दमट आणि क्षारयुक्त असते. ऊन, धूळ, घाम आणि दमटपणा या चौघांचा एकत्र अंमल ज्या वस्तूवर चालतो, तिचा रंग टिकणे अवघडच.

हा रंग नेमका जातो म्हणजे काय होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सर्व कृती त्यावर अवलंबून आहे. आपल्या पूर्वजांचा चामड्याशी जो परिचय होता तो बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याचा होता; विहिरीवरची मोट, पखाल, कोल्हापुरी चप्पल ही सर्व त्या वनस्पतिजन्य कमावणीची अपत्ये. असे चामडे सच्छिद्र असते, तेल पिते, रंग तंतूंपर्यंत मुरवून घेते, आणि म्हणूनच त्याला वेळोवेळी तेल देण्याची चाल पडली. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टस शुल्ट्झ या रसायनज्ञाने क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याच्या रीतीचे एकस्व मिळवले, आणि त्यानंतरच्या काळात या धंद्याचे स्वरूप पालटले. मोटारीच्या आसनांचे चामडे बहुधा अशाच रासायनिक रीतीने कमावलेले असते, आणि त्याच्या अंगावर रंगद्रव्ययुक्त राळेचा एक अतिशय पातळ पापुद्रा व त्याच्याही वर एक पारदर्शक संरक्षक थर दिलेला असतो. आपण ज्याला चामड्याचा रंग म्हणतो, त्याचा दृश्य भाग मुख्यत्वे त्या पापुद्र्यात असतो. वर्षानुवर्षे चढता-उतरताना कपड्याच्या घर्षणाने तो झिजतो, सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्यातील रंगद्रव्य निस्तेज होते, आणि अंगाच्या तेलकटपणाने तो मऊ पडून तडकतो. आतील चामडे मात्र बहुतेक वेळा धडधाकट असते.

यावरून एक गोष्ट ओघानेच निष्पन्न होते. खोबरेल किंवा करंजेल चोळून अशा आसनाला पूर्ववत तजेला येईल, ही समजूत निराधार आहे. मोटेला जे मानवले ते या आसनाला मानवत नाही. तेल पापुद्र्यावरच राहते, धूळ धरते, पावसाळ्यात बुरशीला निमंत्रण देते, आणि पुढे रंग द्यायचा झाल्यास तो धरू देत नाही. डॅशबोर्ड चकचकीत करण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या सिलिकोनयुक्त पॉलिशांबद्दलही हेच म्हणावे लागेल, किंबहुना त्यांचा उपद्रव अधिक, कारण सिलिकोनचा अंश शिल्लक असलेल्या जागी नवा रंग पसरतच नाही, थेंबाथेंबाने मागे सरून वाटोळे खड्डे पाडतो.

कामाला हात घालण्यापूर्वी आपले आसन खरोखर चामड्याचे आहे की नाही, याची शहानिशा करावी. आपल्याकडे लेदर सीट म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ आसनांचा केवळ पाठ-बैठकीचा भाग चामड्याचा असून बाजू आणि मागील अंग कृत्रिम चामड्याचे असते, आणि कित्येक गाड्यांत तर सर्वच कृत्रिम असते. आसनाच्या खालच्या बाजूस जेथे कड दुमडलेली असते तेथे उलटी बाजू पाहिली असता खऱ्या चामड्याची लव दिसते, कृत्रिमाच्या पाठीशी विणलेले कापड दिसते. कृत्रिम चामड्यालाही रंग देता येतो, पण त्यासाठी रंगाच्या आधी चिकटपणा देणारा वेगळा अस्तर-थर लागतो. दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. थेंब तसाच राहिला तर वरचा पापुद्रा शाबूत आहे. चटकन शोषला जाऊन डाग गडद झाला तर पापुद्रा झिजून चामडे उघडे पडले आहे, किंवा ते मुळातच पापुद्रा न देता केवळ रंगवलेले उंची चामडे आहे. या दुसऱ्या जातीच्या चामड्याला येथे सांगितलेली रीत लावू नये.

पेण आणि त्याच्या परिसरातील हमरापूर, जोहे यांसारखी गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी सर्वत्र विख्यात आहेत, आणि जो कोणी त्या कारखान्यांत थोडा वेळ उभा राहून पाहील त्याला रंगकामाचा मूलमंत्र निराळा शिकवावा लागणार नाही. मूर्ती वाळल्यावर ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करण्यात, तिच्यावरील खाचखळगे भरण्यात आणि पांढरा अस्तराचा हात देण्यात कारागिराचे जे श्रम खर्ची पडतात, ते पाहणाऱ्याच्या नजरेत क्वचितच भरतात. लोक थांबतात ते डोळ्यांची आखणी चालू असता. परंतु आखणी कितीही कुशल असली, तरी खालचा हात कच्चा असेल तर रंगाचा पोपडा निघणार, हे तेथील नवशिक्या मुलालाही ठाऊक असते. आसनाच्या बाबतीतही रंग हा अव्वल नसून दुय्यम जिन्नस आहे. अव्वल दर्जा पूर्वतयारीचा.

ही पूर्वतयारी म्हणजे प्रथम स्वच्छता. आसनाच्या सांध्यांतील वाळू आणि कचरा व्हॅक्यूमने काढून घ्यावा, नंतर चामड्यासाठी मिळणारा सौम्य साफ करणारा द्राव मऊ ब्रशवर घेऊन, त्याचा फेस करून, वीतभर जागा एका वेळी साफ करावी आणि लगेच ओलसर पांढऱ्या फडक्याने पुसून घ्यावी. फडके पांढरेच असावे, कारण किती मळ निघाला आणि मूळ रंग सुटू लागला की काय, हे त्यावरच कळते. कपडे धुण्याचा सोडा किंवा भांड्यांची पावडर यांचा मोह कटाक्षाने टाळावा. त्यांतील क्षार चामड्याला रुक्ष करतात. या टप्प्यावर अनेकांना असे आढळून येईल की जो रंग विटला असे ते समजत होते तो केवळ मळाखाली दडला होता, आणि तसे झाल्यास रंगाचा पुढील सारा खटाटोप करण्याचे प्रयोजनच उरत नाही. पावसाळ्यातील बुरशीचे डाग असतील तर ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून हलक्या हाताने पुसावेत आणि दारे उघडी टाकून मोटार पूर्ण वाळू द्यावी. रंगापूर्वीचे अखेरचे पुसणेही याच द्रावाने करावे, म्हणजे तेलाचा आणि पॉलिशचा अंश निघून जातो. थिनर मात्र या कामी वापरू नये. तो पापुद्रा वितळवतो आणि बंद जागेत त्याची वाफ मस्तकात जाते.

यानंतर घासणे. सहाशे ते आठशे नंबरचा पॉलिश पेपर घेऊन झिजलेल्या कडा आणि भेगांचे ओबडधोबड काठ हलक्या हाताने समतल करावेत. हेतू चामडे खरवडण्याचा नसून जुन्या पापुद्र्याची तकाकी मारण्याचा आहे. उथळ भेगांसाठी चामड्याचा फिलर मिळतो. तो जुन्या पत्त्याच्या कडेने अगदी पातळ ओढावा, वाळू द्यावा, घासावा, पुन्हा ओढावा. एकाच वेळी जाड भरलेला फिलर माणूस बसताच तडकतो. जेथे चामडे सैल व शोषक झाले आहे तेथे त्याचे तंतू बांधून ठेवणारा पातळ राळेचा द्राव, ज्याला बाजारात बाइंडर म्हणतात, तो आधी चोळावा.

रंग म्हणून केवळ चामड्यासाठी बनवलेला पाण्यातला, लवचीक राळेचा रंग घ्यावा. तैलरंग, भिंतीचा रंग, किंवा बूटपॉलिशची डबी यांची तुलना त्याच्याशी होऊच शकत नाही: पहिले दोन वाकल्यावर फुटतात आणि तिसरे प्रवाशाच्या पांढऱ्या कपड्यांना लागते. पुढील दोन आसनांना सामान्यतः पाव लिटरच्या आसपास रंग पुरतो. खरी कसोटी छटा जुळवण्याची असते. मूळ छटा पाहायची तर ती उन्हात आलेल्या भागावर न पाहता डोके टेकण्याच्या उशीखाली किंवा आसनांच्या सांध्यात पाहावी, थेंब-थेंब रंग मिसळून तेथेच आडबाजूस ठिपका द्यावा, आणि तो पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात निर्णय घ्यावा, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग यांत लक्षणीय तफावत असते व दिव्याच्या प्रकाशात बदामी आणि राखी यांचा भेद नीट उमगत नाही.

पहिला हात स्पंजाने चोळून द्यावा, म्हणजे रंग चामड्याच्या रेषांत आणि भेगांत शिरतो. तो विरळ आणि डागाळलेला दिसेल. पाहून धीर सोडू नये आणि दडपून जाड हात तर मुळीच देऊ नये. केस वाळवण्याचे यंत्र दूर धरून तो वाळवावा, हाताला कोरडा लागल्यावर दुसरा, मग तिसरा, असे सुमारे चार-पाच पातळ हात द्यावेत आणि मध्ये एखादा दाणा उठल्यास बाराशे-पंधराशे नंबरच्या पेपरने तो अलगद काढावा. मूर्तीच्या कारखान्यातील लहान कंप्रेसर आणि स्प्रेगन ज्यांना मिळू शकते, त्यांनी शेवटचे दोन हात फवाऱ्याने दिले तर स्पंजाच्या खुणा राहत नाहीत. मात्र तेव्हा काचा, पट्टे, गिअर आणि छताचे कापड कागदाने झाकण्याचा चोख बंदोबस्त हवा. सर्वांत शेवटी पारदर्शक संरक्षक थराचे दोन-तीन हात द्यावेत, आणि तो थर निस्तेज छटेचाच निवडावा, कारण चकाकणारे आसन नवे दिसत नाही, रंगवलेले दिसते. हा थर ज्यांनी काटकसरीपायी वगळला, त्यांचे काम वर्षभरही टिकणे कठीण. रंगाबरोबर दिलेले घट्ट करणारे द्रव्य याच थरात, डबीवरील प्रमाणानेच मिसळावे.

वाळण्याच्या बाबतीत खारेपाटाची हवा आपला हक्क बजावते. पाण्यातला रंग हवेत पाणी सोडून वाळतो, आणि ज्या हवेत आधीच बाष्प कोंदले आहे तेथे तो तासन्‌तास चिकट राहतो; त्यावर धूळ बसते, आणि एक हात ओला असता दुसरा दिला गेल्यास खालचा थर कायमचा मऊ राहतो. म्हणून ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत हे काम या भागात काढूच नये. दिवाळी उलटली, ईशान्येचे कोरडे वारे सुरू झाले, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा हंगाम यास सर्वोत्तम. सकाळचे दव उडाल्यावर आरंभ करावा आणि ऊन उतरण्यापूर्वी हात आटोपता घ्यावा. महामार्गालगत घर असेल तर दारे उघडी टाकून रंग देणे टाळून मोटार परसदारी, आडोशाला न्यावी. काम संपल्यावर निदान एक दिवस आसनावर बसू नये आणि आठवडाभर त्यावर पाणी किंवा साफ करण्याचा द्राव लावू नये.

काही मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ज्या आसनांच्या पाठीच्या बाहेरील कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली असते, त्या कडेची शिवण अपघाताच्या क्षणी उसवावी अशाच बेताने घातलेली असते. तेथे फिलर, गोंद किंवा रंगाचा जाड थर कदापि देऊ नये, आणि अशी आसने घरी सोडवूनही काढू नयेत, कारण त्यांच्याखालील तारांशी खेळणे धोक्याचे आहे. बारीक छिद्रांच्या आसनांवर स्पंज जवळजवळ कोरडा करून फिरवावा, नाहीतर छिद्रे बुजतात. जेथे चामडे आरपार फाटले आहे किंवा खालचा फोम बसला आहे, तेथे कुशनवाल्याचीच विद्या उपयोगी पडते, आणि तेवढा तुकडा त्याच्याकडून बदलून घेऊन मग तो उरलेल्या आसनाशी रंगाने जुळवणे हेच शहाणपणाचे. नवा रंग टिकवायचा तर दोन-तीन महिन्यांनी आसने सौम्य द्रावाने पुसावीत, आणि उन्हात गाडी उभी करताना पुढच्या काचेला पडदा लावावा.

ज्यांना या कामाचा पूर्वानुभव नाही, त्यांनी आरंभ चालकाच्या आसनापासून न करता मागच्या आसनाच्या मधल्या हात टेकण्याच्या तुकड्यापासून करावा. तो लहान असतो, एका दिवसात पुरा होतो, फसला तरी अल्कोहोलने पुसून पुन्हा करता येतो, आणि त्यावर छटा जुळली की पुढील आसनांचा रंग त्याच मिश्रणातून, एकाच वेळी कालवून ठेवता येतो.