कल्पित सैन्यांचे हुद्दे

एखाद्या कादंबरीकारानें नकाशावर कोठेंच नसलेलें राज्य उभें केलें, कीं त्या राज्याला सैन्य हवें आणि सैन्याला हुद्दे हवेत. येथें कल्पनाशक्ति बहुधा थबकते. राज्याचें नांव नवें बनवितां येतें. परंतु हुद्दाही अगदीं नवा बनविला, तर वाचकाची मान त्याच्यापुढें लवत नाहीं. म्हणून लेखक जुन्या सैन्यांच्या कोठाराकडे वळतो.

पश्चिमेकडे हें कोठार बहुतेक रोमचें. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेंत १९६६ सालीं रोम्युलन नांवाचे परग्रहवासी योद्धे प्रथम अवतरले, ते सेंच्युरियन व प्रीटर हीं पदें बरोबर घेऊनच. रोमन सेंच्युरियन हा शंभरांच्या तुकडीचा प्रमुख. प्रत्यक्षांत तींत माणसें सुमारें ऐंशींच असत. गोष्टींतला सेंच्युरियन तर नौकाधिपतीचा वृद्ध स्नेही आहे. त्याचीं शंभर माणसें कोठें आहेत, हें कोणी विचारीत नाहीं. आंकडा गळाला, वजन तेवढें राहिलें.

आपल्याकडे हा व्यवहार फार जुना आहे. महाभारतांत एक रथ, एक हत्ती, तीन घोडे व पांच पायदळ मिळून एक पत्ति होते. तिच्या तिप्पट सेनामुख, त्याच्या तिप्पट गुल्म, आणि याच क्रमानें गण, वाहिनी, पृतना, चमू व अनीकिनी. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. गुणाकार केला म्हणजे २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ होतें. अशा अठरा अक्षौहिणी धरल्या तर हत्तीच ३,९३,६६० भरतात! त्यांच्या वैरणीची सोय कोणीं केली, हें विचारण्यांत अर्थ नाहीं. परंतु नांवें मात्र हवेंतलीं नव्हेत. गुल्मावरचा अधिकारी सातवाहनांच्या काळच्या शिलालेखांतही भेटतो. शब्द छावणींतला, संख्या कवीची.

प्रत्यक्ष राज्येंही अशीच उसनवारी करतात. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सरनोबताला सेनापति हें प्राचीन नांव मिळालें आणि ‘राज्यव्यवहारकोशा’नें फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. हवालदार मात्र हलला नाहीं. म्हणून गुप्तकाळच्या कल्पित दरबारांत कोणी हवालदार उभा केला, तर जाणता वाचक हंसतो. तो शब्द पुष्कळ मागाहून आला.

खानदेशांतील श्रोत्यांना याहून जवळचा शब्द म्हणजे नाईक. कौटिल्याच्या मोजणींत दहा अंगांवर पदिक, दहा पदिकांवर सेनापति आणि दहा सेनापतींवर नायक. म्हणजे नायक सेनापतीच्याही वर! पुढें शिवकालीन पायदळांत तोच नाईक सुमारें दहा पाइकांचा मुख्य झाला. पांच नाइकांवर हवालदार असे. कंपनीच्या पलटणींतही तो हवालदाराच्या खालींच राहिला, आणि आजच्या भारतीय सैन्यांतही त्याच्या बाहीवर दोनच पट्ट्या असतात.

सातपुड्यांत मात्र ही उतरण लागूं पडली नाहीं. तेथें भिल्लांचा नाईक म्हणजे प्रमुख. ज्याच्या शब्दावर वाट चालूं राहते किंवा बंद होते, असा. १८२५ मध्यें जेम्स औट्रमनें धरणगावास भिल्ल कोअर उभी केली, तेव्हां एकाच मुलखांत या शब्दाचे दोन दर झाले. इंग्रजी मस्टरावरचा नाईक हाताखालचा. डोंगरांतला नाईक वडीलधारा. १८५८ च्या एप्रिलांत अंबापाणी येथें इंग्रजी फौजेशीं लढलेला खाज्या नाईक या दुसऱ्या अर्थाचा नाईक होता. त्याला कोणी पलटणींतला हुद्देदार समजून वाचूं लागला, तर सारी कथाच उलटी होते.

कल्पित डोंगरी योद्ध्यांची कथा लिहिणारा आज हाच शब्द उचलतो, तेव्हां त्यानें प्रथम एक ठरवावें लागतें: त्याचा नाईक हुकूम ऐकणारा आहे, कीं देणारा.