शहराचे फोटो काढायचेत? मग रोज त्याच रस्त्याने सायकलवर जा!

रविवारी पहाटे पुण्यातून सिंहगडाच्या दिशेने निघालात तर सायकलवाल्यांची रांगच दिसते. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, अंगाला चिकटलेली जर्सी. पायथ्याशी पोचलं की सायकल दगडाला टेकवून फोटो, मग कांदाभजी, मग इन्स्टावर स्टोरी. सोमवारी सकाळी हीच मंडळी कारमध्ये बसून नळस्टॉपच्या सिग्नलला अडकलेली असतात.

आजचा विषय आहे ही सोमवारची सायकल. ऑफिसला, कॉलेजला, भाजी आणायला जाणारी. आणि तिच्यावरून जाताना खिशातल्या मोबाईलने काढलेले फोटो.

आता तुम्ही म्हणाल, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये जीव मुठीत धरून सायकल चालवायची आणि वर फोटोही काढायचे? तर हो, जमतं. कसं ते टप्प्याटप्प्याने बघू.

आधी थोडा इतिहास

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे. कॉलेजची पोरं, प्राध्यापक, सरकारी कारकून, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार, सगळे सायकलवर. नवी सायकल परवडत नसेल तर तासाच्या भाड्याने मिळायची. सायकलला पालिकेचा कर होता आणि तो भरल्याचा धातूचा बिल्ला लावावा लागायचा. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट दिसलात तर पोलीस धरायचे. घरी आजोबा असतील तर विचारून बघा, एखादा किस्सा नक्की निघेल.

मग स्कूटर आल्या, आणि त्यांचा कारखाना तर आकुर्डीतच. शहर पसरलं, अंतरं वाढली आणि सायकल अडगळीत गेली. ती परत आणायचे प्रयत्नही झाले. महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशेहून जास्त किलोमीटरच्या सायकल मार्गांचं जाळं त्यात कागदावर आहे. त्याच वर्षाच्या शेवटी ॲपवर उघडणाऱ्या सायकली आल्या. कुलूप उघडा, चालवा, सोडून द्या. पिवळ्या सायकलींची ओफो ही चिनी कंपनी तर २०१८ मध्येच भारतातून बाहेर पडली. बाकीच्याही हळूहळू दिसेनाशा झाल्या.

थोडक्यात, पुण्यात सायकलची आठवण भरपूर आहे. जागा मात्र कमी आहे.

फोटोसाठी सायकलच का? वेगाचं गणित बघा

माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो. रमतगमत सायकल चालवली तर १२ ते १५ किलोमीटर होतात. म्हणजे तेवढ्याच वेळात शहराचा तिप्पट भाग डोळ्यांखालून जातो.

मग बाईक घेतली तर आणखी जास्त नाही का होणार? इथेच गंमत आहे. ताशी ४० च्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. एखादा दरवाजा भारी आहे हे डोक्यात येईपर्यंत तो मागे पडलेला असतो. मागून हॉर्न, पुढे रिक्षा, आणि पार्किंग शोधेपर्यंत मूडही गेलेला. सायकल सेकंदाला चारेक मीटर जाते. ब्रेक दाबला, उतरलात, सायकल कडेला घेतली. एवढंच.

दुसरं म्हणजे सायकलवर काच नसते आणि इंजिनाचा आवाजही नसतो. तांबट आळीतून जाताना भांडं दिसायच्या आधी हातोडीचा ठोका ऐकू येतो. मंडईजवळ कोथिंबिरीचा वास आधी येतो, ढीग नंतर दिसतो. फोटो कुठे आहे हे बऱ्याचदा कान आणि नाकच आधी सांगतात.

न्यूयॉर्कचे बिल काका

ही युक्ती एका माणसाने जवळजवळ आयुष्यभर वापरली. त्यासाठी जरा न्यूयॉर्कला जाऊन येऊ.

बिल कनिंगहॅम हे न्यूयॉर्क टाइम्सचे फोटोग्राफर. अंगात फ्रान्समधले कामगार घालतात तसलं निळं जॅकेट, गळ्यात कॅमेरा आणि बुडाखाली सायकल. मॅनहॅटनसारख्या गर्दीच्या भागात ते वयाच्या ऐंशीनंतरही सायकलवरच फिरायचे. दोन डझनांपेक्षा जास्त सायकली चोरीला गेल्या, तरी पुढची सायकल घेऊन पुन्हा रस्त्यावर.

त्यांचा विषय होता लोकांचे कपडे. पण फॅशन शोपेक्षा त्यांना रस्त्यावरचा माणूस आवडायचा. फिफ्थ अव्हेन्यू आणि ५७ वी स्ट्रीट जिथे मिळतात, तो त्यांचा ठरलेला कोपरा. वर्षानुवर्षं तिथे उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोटो काढले. पाऊस असो की बर्फ. सुटे सुटे बघितले तर साधे फोटो, पण एकत्र ठेवले की शहर काय घालत होतं, कसं बदलत होतं याची नोंदच. २०१६ मध्ये ८७ व्या वर्षी ते गेले, तेव्हा ते स्वतःच न्यूयॉर्कची एक ओळख झाले होते.

त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट कॅमेरा नाही, जॅकेटही नाही. तोच कोपरा आणि पुन्हा पुन्हा जाणं, ही आहे.

तोच रस्ता रोज बघून काय मिळतं?

मी कोथरूडहून सदाशिव पेठेत ऑफिसला जायचो. कर्वे रोड, नळस्टॉप, डेक्कन, लकडी पूल, अलका चौक आणि मग पेठेतल्या गल्ल्या. सहा किलोमीटरच्या आसपास, अर्धा तास. पहिल्या आठवड्यात वाटलं, यात फोटो काढण्यासारखं आहे काय? खांब आणि ट्रॅफिक.

दुसऱ्या महिन्यात कळायला लागलं. सकाळी डेक्कनकडे जाताना सूर्य समोर असतो. संध्याकाळी कोथरूडकडे परतताना पुन्हा समोरच! म्हणजे दोन्ही वेळेला समोरची माणसं काळ्या आकृतीसारखी दिसतात. मेट्रोच्या खांबांमधून येणारा उजेड, धुरळा आणि त्यातून रस्ता ओलांडणारी बाई. चेहरे उजळलेले हवे असतील तर थांबून मागे वळून बघायचं. हे कुठल्या ट्युटोरियलमध्ये सापडलं नसतं. रस्त्यानेच शिकवलं.

रोज जाणाऱ्याला बदलही आधी दिसतो. माझ्या रस्त्यावर एक वाडा होता. लाकडी दार, बाहेर ओटा, ओट्यावर पेपर वाचणारे एक आजोबा. रोज वाटायचं, एक दिवस निवांत थांबून फोटो काढू. एकदा उशीर झालेला असतानाही उगाच थांबलो आणि घाईत एक काढला. थोडा तिरकाच आला.

पावसाळा संपता संपता तिथे निळे पत्रे लागले आणि दिवाळीनंतर दारच नव्हतं. पत्र्यांबाहेर एक काका उभे होते, त्याच वाड्यात वाढलेले. त्यांना मोबाईलवर तो फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडे सगळे फोटो लग्नामुंजीतले. दाराचा कुणी काढलाच नाही. पाठवता का एवढा?” तिथेच व्हॉट्सॲप केला.

त्या फोटोला इन्स्टावर मोजून एकोणीस लाइक मिळाले होते. पण तेव्हापासून “उद्या काढू” म्हणणं बंद केलं. पेठांमधले वाडे रोज कमी होतायत. जुन्या बैठ्या दुकानांच्या जागी इमारती येतायत. रिडेव्हलपमेंट चांगलं की वाईट, तो वेगळा वाद. पण जे जातंय ते कसं दिसायचं, हे उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी पाहिजे ना?

बरं, फोटो काढायचा कसा?

पहिला नियम: चालत्या सायकलवरून फोटो नाही. एक हात हँडलवर आणि दुसऱ्यात मोबाईल, हा हाडं मोडून घ्यायचा सोपा रस्ता आहे. डावीकडे घ्या, पूर्ण थांबा, पाय जमिनीवर टेकवा, मग खिशात हात घाला.

मोबाईल हँडलला लावून ठेवायचाय? जरा जपून. मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं. सायकलला इंजिन नाही, पण आपले खड्डे आहेतच. कॅमेरा असेल तर तो हँडलला लटकवू नका. आडव्या पट्ट्याच्या बॅगेत, पाठीला घट्ट बसेल असा ठेवा.

उजेडाचं वेळापत्रक लक्षात ठेवा. आपलं घड्याळ देशाच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखावृत्तावर लावलेलं आहे. त्यामुळे पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो १२ वाजता नाही, साधारण साडेबाराच्या आसपास. जूनमध्ये उजाडतं सहाच्या सुमारास, जानेवारीत सातनंतर. म्हणजे थंडीत नऊच्या ऑफिसला निघालात तरी मऊ, तिरपा उजेड मिळतो. उन्हाळ्यात त्याच वेळी ऊन पांढरंफटक झालेलं असतं. मग सावलीतल्या गल्ल्या धरा.

फोन असेल तर स्क्रीनवर विषयावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो. समोर सूर्य असेल तर उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, आकाश फाटणार नाही.

दुसऱ्या सायकलवाल्याचा फोटो घ्यायचाय? पुन्हा गणित. ताशी १५ च्या वेगातली सायकल १/३० सेकंदात सुमारे १४ सेंटिमीटर सरकते आणि १/१००० सेकंदात फक्त ४ मिलिमीटर. म्हणजे शटर वेगवान ठेवलं तर सायकल गोठते आणि संथ ठेवलं तर धावताना दिसते. संथ शटरवर कॅमेरा सायकलच्याच वेगाने फिरवला तर माणूस बऱ्यापैकी स्पष्ट येतो आणि मागची दुकानं पुसली जातात. पहिले वीस फोटो वाया जातील. जाऊ द्या.

धूसर फोटो म्हणजे वाईट, असंही काही नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा फ्रान्समधल्या हिएर्स गावातला १९३२ चा फोटो बघा. वळणाचा जिना अगदी स्पष्ट आणि खालून सुटलेला सायकलवाला धूसर. आधी जागा निवडायची, मग माणूस येण्याची वाट बघायची. लकडी पुलाच्या टोकाला हेच करून बघा. पुण्यात माणूस यायला फार वेळ लागत नाही.

माणसांचं आणि कायद्याचं काय?

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पुण्यात लष्कराच्या जागा भरपूर आहेत, खडकी आणि कॅम्पपासून देहूरोडपर्यंत. तिथे फोटोला मनाई असल्याची पाटी दिसली की मोबाईल खिशात. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. स्त्रीचे तिच्या खाजगी क्षणी फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे.

कायद्याच्या अलीकडे साधी माणुसकीही असते. फूलवाल्या मावशींचा, तांबट काकांचा जवळून फोटो हवा असेल तर विचारा. सायकलवरून उतरून आलेल्या माणसाशी लोक बरे बोलतात, हा अनुभव आहे. कदाचित आपण घामाघूम असतो म्हणून असेल. नाही म्हणाले तर हसून पुढे. हो म्हणाले तर फोटो दाखवा आणि पाठवाही. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय नाहीच.

आणि जीव?

हे सगळ्यात महत्त्वाचं. पार्क केलेल्या गाड्यांना खेटून जाऊ नका, दार कधीही उघडतं. एका हाताचं अंतर ठेवा. स्टॉपकडे वळणाऱ्या पीएमपीच्या डाव्या बाजूने घुसू नका. गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने असतील तर चाक अडकतं, ती आडवी ओलांडा. पावसात चेंबरच्या झाकणावर ब्रेक नको. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावा, कुलूप फक्त चाकाला नाही तर फ्रेमला आणि खांबालाही अडकवा.

एकदम रोज जमणार नाही. आठवड्यातून दोन दिवस, पाच किलोमीटरच्या आतलं काम, एवढ्यावर सुरू करा. महागडी सायकल नको. घरात धूळ खात पडलेली असेल ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे न्या, हवा भरा, चेनला तेल आणि ब्रेक नीट करून घ्या.

आणि जाताना एक ठिकाण ठरवा. एखादं दार, चहाची टपरी, पिंपळ, पुणेरी पाटी, काहीही. महिन्यातून एकदा तिथेच थांबून त्याच कोनातून एक फोटो. वर्षाला बारा होतील. बाराव्या फोटोत पहिल्या फोटोतलं काय काय उरलंय ते मोजा.

माझ्याकडे त्या वाड्याचा एकच आहे. तिरका.